ॲक्रिलिक रंग खरंच 'कशावरही' चालतात का? (वृंदावन, ट्रंक, कौलं, बाटल्या...)

माडाखाली
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातलं आमचं मूळ घर बहुतेक वेळ बंदच असतं. यंदा चवथीला सगळे जमलो आणि ठरलं की तुळशीच्या लग्नाआधी घर जरा माणसात आणायचं. भिंतींना रंगारी येणार आहे. पण बाकीच्या वस्तू आम्ही भावंडं मिळून रंगवणार, कारण घरात हौशी हात बरेच आहेत आणि कामाचे कमी.

रंगवायचंय काय, तर अंगणातलं तुळशी वृंदावन (चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, वर गिलावा, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या रंगांचे पोपडे), आजोबांची पत्र्याची ट्रंक, छपरावरून उतरवलेली मंगलोरी कौलं, फेणीचे रिकामे गाराफांव (मोठ्या काचेच्या बाटल्या) आणि फणसाच्या लाकडाचे पाट. दुकानदार म्हणतो, "ॲक्रिलिक न्या, कशावरही बसतं." एकाच खोक्यात सगळं भागलं तर उत्तमच, पण ऐकून जरा शंका येते. अनुभवी लोकांनी सांगावं.

अळूवडी
वाचतेय. आमच्याकडेही अशीच ट्रंक आहे. फक्त ती माळ्यावरून खाली काढायला माणूस मिळत नाहीये.

नुस्तेंखाऊ
गाराफांव रिकामे कसे झाले यावर आधी वेगळा धागा काढा. (ह. घ्या.)

रंगरेषा
दुकानदार खोटं बोलत नाहीये. बसतं कशावरही. टिकतं का, हा पुढचा प्रश्न, आणि तोवर तुम्ही दुकानातून घरी आलेले असता.

ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिबारीक कण आणि त्यात रंगद्रव्य. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना भिडतात, मिसळतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही, म्हणून तासाभरात दुसरा हात मारता येतो. पण तो पृष्ठभागाला धरून राहतो ते मुख्यतः खडबडीतपणाच्या जोरावर. कॅनव्हास, कागद, कोरडं लाकूड, भाजलेली माती इथे तो घट्ट बसतो. काच, गुळगुळीत पत्रा, प्लास्टिक यांवर नुसता पांघरलेला असतो, नखाने सोलून निघतो. आणि मेणकट, तेलकट, धुळकट कशावरही लावलात तर तो धुळीला चिकटतो, वस्तूला नाही.

आणखी एक, 'वाळलं' आणि 'मुरलं' यात फरक आहे. हाताला कोरडं लागलं तरी पापुद्रा पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात, आपल्याकडच्या दमट हवेत जास्तच. तेवढ्यात वस्तू घासू-पुसू नका, एकावर एक रचू तर मुळीच नका. ॲक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं. रंगवलेले पाट मे महिन्यात एकावर एक ठेवलेत तर एकमेकांना चिकटतील आणि सोडवताना एकाचा रंग दुसऱ्याकडे जाईल.

माडाखाली
रंगरेषा, मस्त समजावलंत. म्हणजे वस्तूगणिक वेगळी तयारी. चला, एकेक घेऊया. बाटल्यांचं कोण सांगतंय?

स्वप्ना_म्हापसा
बाटल्यांचं मी सांगते, आमच्या गटात मुलांसाठी उन्हाळी शिबिरात हेच चालतं.

लेबल भिजवून काढायचं, साबणाने धुवायचं, पूर्ण वाळली की कापसावर स्पिरिट घेऊन पुसायचं. त्यानंतर काचेला बोट लावायचं नाही! बोटांचं तेल पुरेसं असतं. मानेला धरून रंगवा. पहिला हात ब्रशने नाही, स्पंजच्या तुकड्याने टपटप करत, अगदी पातळ. तो गचाळ दिसतो, दिसू दे. वाळल्यावर दुसरा. ब्रशने पहिलाच हात दिला की मागच्या फटकाऱ्यात पुढचा रंग उचलला जातो आणि काच उघडी पडते, मुलं रडकुंडीला येतात.

बाजारात काचेसाठीचं प्रायमर मिळतं, तेही चांगलं. शेवटी व्हार्निश. तरीही ती बाटली शोभेची. पावसात बाहेर ठेवायची नाही, भिजत घालून धुवायची नाही. ज्या पेल्याला ओठ लागतात त्याच्या काठाला आणि आतल्या बाजूला रंग नको.

नुस्तेंखाऊ
आतल्या बाजूला फेणी असतेच.

गंजका_खिळा
ट्रंकेबद्दल. उघड्या लोखंडावर पाण्याचा रंग थेट लावलात तर वाळता वाळताच तांबूस ठिपके उमटतात, कारण रंगातलं पाणीच पत्रा गंजवतं. पांढऱ्या रंगात तर हमखास दिसतात. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, खाऱ्या हवेत कालचा घासलेला पत्रा आज सकाळी लालसर झालेला असतो. म्हणून घासायचं आणि प्रायमर मारायचं काम एकाच दिवशी.

तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, पॉलिशपेपर मारा, थिनरच्या फडक्याने पुसा, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्या. ते खडखडीत वाळू द्या, घाई नको. त्यावर ॲक्रिलिक बसतं. ट्रंकेवरचा मूळ ऑइलपेंट जिथे घट्ट आहे तिथे तो खरवडत बसू नका, पण त्याची चकाकी पॉलिशपेपरने मारा. चकचकीत तेलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही. उलटं चालतं: खाली ॲक्रिलिक, वर तेलरंग.

अळूवडी
खिळाभाऊ, तारेच्या ब्रशने घासू म्हणताय खरं, पण आजोबांच्या काळातला रंग आहे. जुन्या रंगांत शिसं असायचं.

गंजका_खिळा
अगदी बरोबर, लिहायला हवं होतं. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) झाली ती २०१७ च्या शेवटापासून. त्याआधीचा रंग, विशेषतः पिवळा, लाल, हिरवा, शिशाचाच समजून चाला. कोरडं घासू नका. पाण्याचा पॉलिशपेपर घ्या, पृष्ठभाग ओला ठेवा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा, चिखल वर्तमानपत्रात गुंडाळा. अंगणात झाडू मारून उडवू नका. घासून झाल्यावर मात्र लगेच पुसून उन्हात कोरडी करा, नाहीतर वरचं गंजाचं पुराण पुन्हा सुरू.

कुंचलेकर
कौलांवर मी बरंच काम केलंय. कौल म्हणजे भाजलेली माती, सच्छिद्र, त्यामुळे ॲक्रिलिकला आवडतं. अडचण शेवाळाची. छपरावर वर्षानुवर्षं पाऊस खाल्लेलं कौल वरून कोरडं दिसलं तरी आत ओल आणि शेवाळाचे बारीक धागे असतात. ताठ ब्रशने घासा, पातळ ब्लीचच्या पाण्यात बुडवा, चांगलं खळबळून धुवा आणि कडक उन्हात सुकू द्या. ऑक्टोबरचं ऊन यासाठी अगदी देवाने दिल्यासारखं.

मग जेसोचा (कॅनव्हासला आधी लावतात ते पांढरं अस्तर) किंवा पांढऱ्या ॲक्रिलिक प्रायमरचा एक हात. नाही दिलात तर कौल रंगातलं पाणी शोषून घेतं आणि रंग मेलेला दिसतो. मला स्वतःला काही भाग उघडा ठेवायला आवडतो, मातीचा तांबडा रंग पार्श्वभूमीला फुकटात मिळतो. कौल उलटून मागचा शिक्का जरूर बघा. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, मग तिथे पुष्कळ कारखाने झाले, आणि त्यांचे शिक्के आपल्या छपरांवर अजून सापडतात. शिक्क्यावर रंग फासू नका, हात जोडून विनंती.

भिंतीवर टांगायला ठीक. रंगवलेलं कौल परत छपरावर चढवू नका.

माडाखाली
शिक्के आहेत! एकावर हत्ती आहे. आता ते कौल रंगवायला कोणी तयारच नाही, सगळ्यांना नुसतं दिवाणखान्यात हवंय.

चिरेबंदी
उशिरा आलो, पण तुमच्या यादीतली खरी डोकेदुखी कुणीच घेतली नाही: वृंदावन.

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीचीच कामं करतो, त्यामुळे थोडं लांबवतो. चिरा सच्छिद्र. वृंदावनात वर माती, त्यात रोज पाणी. ते पाणी खाली-आजूबाजूला चिऱ्यात झिरपतं. शिवाय जमिनीतून ओल वर चढते, आणि गोव्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. म्हणजे हे बांधकाम आतून कधीच पूर्ण कोरडं नसतं. ते कोरडं होतं फक्त बाहेरच्या अंगाने. आता तिथेच तुम्ही ॲक्रिलिकचा पापुद्रा चढवलात. रेनकोट घालून धावलं तर पाऊस लागत नाही, पण सदरा घामाने भिजतो ना, तसं.

पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी वाफ होऊन निघतं, क्षार रंगाच्या मागे अडकतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि पापुद्रा उचलतात. आधी फोड, मग पोपडा, आणि पोपड्यामागे पांढरी भुकटी. हाच लोणा. लोक म्हणतात रंग खराब निघाला, आणि पुढच्या वर्षी आणखी महाग रंग आणून आणखी जाड थर देतात. तुमच्या वृंदावनावर जे पिढ्यान्‌पिढ्यांचे पोपडे आहेत ना, ते याच हट्टाचे थर आहेत.

पूर्वी काय करायचे? चुना. चुन्याचा थर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड बनतो, गिलाव्याशी एकजीव होतो आणि वाफेला वाट देतो. दर वर्षा-दोन वर्षांनी पावसाळा संपला की नवा हात. वृंदावनाला चुनाच द्या.

पुणेकर_पाहुणा
चिरेबंदी साहेब, आदरपूर्वक असहमत. आजकालची बाहेरच्या भिंतींची ॲक्रिलिक इमल्शन्स वाफ सोडतात, डब्यावर लिहिलेलं असतं. सात-सात वर्षांची हमी देतात. चुना म्हणजे दर वर्षी काम, हाताला पांढरं, कपड्याला पांढरं. एवढा सोस कशाला?

चिरेबंदी
पाहुणे, वाफ सोडतात हे खरं आहे, थोडीफार. पण ते एका-दोन हातांचं बोलणं. खाली जुन्या ऑइलपेंटचे थर तसेच ठेवून वर इमल्शन दिलंत तर वाफेचा मार्ग खालीच बंद झालेला असतो. आणि वाफ गेली तरी क्षार जात नाहीत. हमीपत्राचा बारीक मजकूर वाचा, मागून येणारी ओल त्यात सहसा धरलेली नसते.

वाद घालण्यापेक्षा तपासणी करा. वृंदावनाच्या चारही बाजूंना हातभर प्लास्टिकचा कागद चिकटवा, कडा टेपने घट्ट बंद, आणि दिवसभर ठेवा. आतून दवबिंदू दिसले तर ओल मागून येतेय. दिसले नाहीत तर इमल्शन लावा, मी काही बोलणार नाही.

कुंचलेकर
प्लास्टिकची चाचणी +१.

मधला उपाय: वृंदावनात थेट माती न भरता आत वेगळी कुंडी बसवायची, तळाला पाणी बाहेर जायला नळी. मग पाणी चिऱ्याला लागतच नाही. आमच्याकडे असं केलंय.

अळूवडी
असं आमच्या सासूबाईंना सांगितलं तर त्या मलाच कुंडीत बसवतील. "तुळस जमिनीत हवी, बादलीत नको."

पुणेकर_पाहुणा
सासूबाईंना हमीपत्र दाखवा.

रंगरेषा
चिरेबंदींना पूर्ण अनुमोदन. पेडण्याकडच्या काही देवळांत कावीचं काम आहे ते बघा. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा रंग आणि तो कोरून खालचा पांढरा काढलेला. वर पापुद्रा असा नाहीच, रंग चुन्याचाच भाग झालाय. म्हणून इतक्या पावसांनंतरही नक्षी दिसते. काही ठिकाणी 'नूतनीकरण' म्हणून त्यावर तेलरंग फासलाय, ते बघून पोटात तुटतं.

स्वप्ना_म्हापसा
थोडं अवांतर, पण रंगरेषा, एक विचारू? घराच्या नावाची पाटी निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर करायची आहे, पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात आहेत तशा आझुलेजूसारखी (पोर्तुगीज पद्धतीच्या चित्रांच्या टाइल्स). साध्या पांढऱ्या टाइलवर निळ्या ॲक्रिलिकने जमेल?

रंगरेषा
दिसायला जमेल, टिकायला नाही. आझुलेजूत रंग झिलईत असतो आणि भट्टीत भाजलेला असतो, तो काचेचाच भाग. तुम्ही गुळगुळीत झिलईवर ॲक्रिलिक लावणार म्हणजे बाटलीचीच कथा. घरात टांगायला खुशाल करा. फाटकावर लावायची तर भाजून देणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या, गोव्यात असे आहेत.

नरकासुर_कमिटी
आमच्या वाड्यावरचा अनुभव. दिवाळीच्या नरकासुराचा मुखवटा कागदाच्या लगद्याचा असेल तर ॲक्रिलिक झकास, फक्त लगदा आतून वाळलेला पाहिजे, नाहीतर बुरशीने नरकासुराला खरी दाढी येते. शिगम्याच्या चित्ररथात थर्माकोल असेल तर स्प्रेचे डबे चुकूनही नकोत. त्यातलं थिनर थर्माकोल खाऊन टाकतं, देवाचं नाक डोळ्यांदेखत बसतं. ॲक्रिलिकने काही होत नाही. एवढ्या मोठ्या कामाला ट्यूबा परवडत नाहीत, आम्ही इमल्शनचा पांढरा डबा आणि स्टेनरच्या (डब्यात मिसळायच्या दाट रंगाच्या) छोट्या बाटल्या आणून हवे ते रंग करतो.

नुस्तेंखाऊ
नरकासुराला व्हार्निश मारता का?

नरकासुर_कमिटी
पहाटे जाळायचाच आहे, व्हार्निश कशाला? उलट, जाळायचा म्हणून रंग पण कमीच लावतो. प्लास्टिक जळल्यावर जो धूर येतो तो पहिल्या रांगेत उभं राहणाऱ्यांना विचारा.

कुंचलेकर
स्टेनरबद्दल, जपून. डब्याला मोजकंच घालायचं, जास्त घातलं तर रंग नीट वाळत नाही, चिकट राहतो. आणि फेविकॉलमध्ये पोस्टर कलर मिसळून 'घरगुती ॲक्रिलिक' करणाऱ्यांनो, ते ॲक्रिलिक नव्हे. साधा पांढरा फेविकॉल पाणी लागलं की पुन्हा पांढरा आणि मऊ होतो.

रंगात पाणी अर्ध्याहून जास्त घालू नये, हेही लिहून ठेवतो.

रंगरेषा
कुंचलेकर, शेवटच्या वाक्याशी असहमत. हा नियम सगळे एकमेकांना सांगत आलेत. कागद, कापूस, कौल अशा शोषणाऱ्या पृष्ठभागावर जलरंगासारखं पाणीदार ॲक्रिलिक उत्तम टिकतं, तंतूंत शिरतं. काच-पत्र्यावर मात्र तेच पुसलं जातं, कारण धरून ठेवणारे कण विरळ झालेले असतात. तिथे पातळ करायचं तर पाण्याऐवजी मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेलं ॲक्रिलिक.

कुंचलेकर
शोषणाऱ्या पृष्ठभागापुरतं मान्य. पण नवख्याला सोपा नियम द्यावा लागतो हो. नवखा आणि काच अशी जोडी नेहमीच जमते.

कॉलेजकुमार_मडगाव
हेल्मेटवर वाघ काढायचाय. चालेल का?

गंजका_खिळा
नको. कवचाच्या प्लास्टिकला कुठलं द्रावण कमकुवत करेल ते वरून कळत नाही, बहुतेक कंपन्या रंग आणि स्टिकरबद्दल सूचना आतच लिहितात. वाघ टी-शर्टवर काढ. सुती कापड आधी धुऊन त्यातली खळ काढ, रंगात फॅब्रिक मीडियम घाल, नाहीतर छातीवर पुठ्ठा बांधल्यासारखं वाटेल. वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री.

चिरेबंदी
फणसाचे पाट राहिले. फणसाच्या गाभ्यात पिवळा रंग असतो, बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवायला तो वापरत आले आहेत. पाण्याचा रंग लावला की तो वर झिरपतो आणि तुमचा पांढरा पिवळट होतो. कितीही हात द्या, पुन्हा येतो. आधी लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात देऊन लाकूड बंद करा, मग हलका पॉलिशपेपर, मग ॲक्रिलिक. खरं सांगू? फणसाचं लाकूड इतकं देखणं असतं की मी नुसतं तेलच लावेन.

अळूवडी
एक सूचना माझीही. ब्रश धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा तुळशीत ओतू नका. दोन बादल्या ठेवा, पहिल्यात घाण काढायची, दुसरीत खळबळायचं. घाण पाणी पसरट भांड्यात उन्हात ठेवलं की प्लास्टिकची पापडी उरते, ती कचऱ्यात.

माडाखाली
मंडळी, अपडेट. काल घरी जाऊन वृंदावनाला प्लास्टिक चिकटवलं. आज सकाळी पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या कागदाखाली अक्षरशः थेंब ओघळत होते. दक्षिणेकडचा बराच कोरडा. पोपडा उचलला तर मागे चिरेबंदी म्हणाले तीच पांढरी भुकटी, जिभेला खारट (चुलतभावाने चाखली, मी नाही).

तेव्हा वृंदावनाला चुना, यावर बहुमत झालंय. ट्रंक आणि गाराफांव ॲक्रिलिक. पाटांना तेल. हत्तीचं कौल कोणाकडे जायचं यावर घरात बोलणी चालू आहेत. आता दोनच प्रश्न: खालचे जुने रंग सगळे काढावे लागतील का? आणि पांढऱ्या चुन्यावर नक्षी कशाने काढू? बहिणीला वेली काढायच्याच आहेत.

चिरेबंदी
सगळे काढावे लागतील. तेलरंगावर चुना धरत नाही. पात्याने खरवडा, शिसं असेल म्हणून ओलं करूनच. भिंतीवर पाणी शिंपडून बघा: शोषलं गेलं तर झालं, ओघळलं तर तिथे रंग शिल्लक आहे. खाली सिमेंटचा गिलावा निघाला तरी चुना बसेल, फक्त तो खडबडीत हवा.

मुरवलेला चुना घ्या, दुधाएवढा पातळ करा, गाळून. भिंत आधी ओली करायची, पातळ हात द्यायचा, एक दिवस थांबायचं, पुन्हा. चार-पाच हात लागतील. लावताना पाण्यासारखा पारदर्शक दिसतो, घाबरून जाड करू नका, वाळल्यावर पांढरा होतो. जाड केलात तर भुकटी होऊन हाताला लागेल. कडक उन्हात लावू नका. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही.

नक्षीला गेरू किंवा पिवळी माती. शेवटचा हात ओलसर असतानाच चुन्याच्या पाण्यात कालवून लावा. बाजारातले भडक रंग नकोत, चुन्यात बरेचसे उडतात.

पुणेकर_पाहुणा
थेंब ओघळत होते म्हणताय तर इमल्शनचा हट्ट मी मागे घेतो. दक्षिणेकडची बाजू मात्र माझी.

नरकासुर_कमिटी
गेरू लागला तर सांगा, आमच्याकडे पोतं पडलंय.

माडाखाली
पोत्यासाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. देव बरें करूं!

कॉलेजकुमार_मडगाव
आणि बुटांवर वाघ?

गंजका_खिळा
चामड्याचे की कापडी?